बडोद्याची गादी

बडोदे

चि. भाचीस, कुमासी मुक्कामी,

बडोद्याची गादी तलवारीच्या जोरावर उभी राहिली. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या पदरचे दमाजी गायकवाड १७२० च्या बाळापूरच्या लढाईत नावारूपाला आले. शाहू महाराजांनी त्यांना समशेर बहादूर हा किताब दिला. त्यांच्यामागून पुतणे पिलाजीराव पुढे आले. सोनगडचा किल्ला हे पिलाजीरावांचे ठाणे होते आणि गुजरातेत चौथाई वसूल करणे हे त्यांचे काम. १७३२ मध्ये डाकोरला मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी त्यांचा खून केला. पुढे १७३४ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे दमाजीराव यांनी बडोदे घेतले आणि शहर गायकवाडांकडे कायमचे आले.

मूळचे हे घराणे सरदाराचे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासात आड येत राहिली. सेनाखासखेल या पदाची वस्त्रे पुण्याहून आल्याशिवाय गादीवरचा हक्क पक्का होत नसे. दमाजीराव १७६८ मध्ये वारले तेव्हा गोविंदराव आणि सयाजीराव या दोन मुलांत तंटा लागला. पेशव्यांनी आधी एकाला मान्यता दिली, नंतर दुसऱ्याला, आणि दोन्ही वेळा नजराणा ठरवून घेतला. धाकटे फत्तेसिंहराव मुतालिक म्हणून कारभार पाहू लागले. वारस कोण, हा प्रश्न घरातला. त्याचा निकाल मात्र दुसऱ्या गावात लागायचा आणि त्याची किंमत गुजरातेतला कुणबी साऱ्याच्या रूपाने भरायचा.

तुझ्या घानातल्या कुमासीत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटतो. अकान लोकांत वंश आईकडून चालतो. त्या अकानांपैकी अशांतींचे राज्य सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेई टुटू यांनी पुरोहित ओकोम्फो अनोक्ये यांच्या साथीने बांधले. आकाशातून उतरले असे मानले जाणारे सोन्याचे आसन हे त्या राज्याचे दैवत. त्यावर राजासुद्धा बसत नाही. राजा निवडताना राजघराण्यातल्या पात्र पुरुषांमधून नाव सुचवण्याचा मान राजमातेचा, आणि ते मान्य करायचे की नाही हे वडीलधाऱ्या सरदारांच्या हाती. नव्या राजाने काय करू नये हे त्याला गादीवर बसवतानाच सर्वांसमक्ष बजावले जाते. जमीन आसनाच्या मालकीची, राजा फक्त तिचा राखणदार. त्याने आसनाची मालमत्ता उधळली किंवा पंचांचा सल्ला झिडकारला, तर ज्यांनी बसवले तेच त्याला उतरवू शकतात.

बडोद्यात राजाला खाली उतरवण्याचा असा अधिकार प्रजेला किंवा मानकऱ्यांना कधीच मिळाला नाही. मराठी राज्यव्यवस्थेतली ही मोठी उणीव होती, आणि परक्यांना शिरायला वाट मिळाली ती तिथूनच. १८०० मध्ये गादीवर आलेले आनंदराव कारभाराला असमर्थ होते. दिवाण रावजी आप्पाजी आणि विरोधी गट यांच्या भांडणात कंपनी सरकारला बोलावणे गेले. १८०२ मध्ये इंग्रज फौजेने शहरातून अरब शिबंदी काढली आणि सावकारांच्या कर्जाला कंपनीची हमी लागली. वस्त्रे पाठवणारे पुणे मागे पडले, आणि त्या जागी कंपनीचा रेसिडेंट बसला.

त्याचा पुरता अर्थ कळला तो मल्हारराव महाराजांच्या वेळी. ते १८७० मध्ये भाऊ खंडेराव महाराजांच्या मागून गादीवर आले. रयतेच्या तक्रारी वाढल्या, चौकशी बसली. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेयर यांनी आपल्या सरबतात विष घातल्याचा आरोप केला. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांचे कमिशन नेमले गेले. तीन इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी ठरवले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघांनी तसे ठरवायला नकार दिला. मते समसमान पडली, तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. कारण दाखवले ते विषप्रयोगाचे नव्हे, गैरकारभाराचे. मल्हाररावांचा कारभार वाईट होता हे खरे; पण त्याचा निवाडा ज्यांनी केला ते त्या रयतेला कसलाही जाब देणारे नव्हते.

वारस निवडायची वेळ आली तेव्हा मात्र बडोद्याची रीत अकानांच्या रीतीच्या अगदी जवळ आली. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे गावी गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. तिथून तीन मुले आणली गेली, आणि त्यांतला गोपाळ जमनाबाईंनी पसंत केला. कशासाठी आलास, असे विचारल्यावर तो राज्य करायला, असे म्हणाल्याची आख्यायिका बडोद्यात घरोघर सांगितली जाते. १८७५ च्या मे महिन्यात दत्तकविधान झाले, आणि बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव महाराज झाला. एका स्त्रीच्या पारखीवर एवढे मोठे राज्य सोपवले गेले आणि ती पारख खरी ठरली, याचे श्रेय जमनाबाईंना फार कमी दिले जाते. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत, शिक्षण इलियट या इंग्रज शिक्षकाकडे होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले.

पुढची ५७ वर्षे राजाचे काम काय, याचे उत्तर या गादीने नव्याने दिले. १८९३ मध्ये अमरेली आणि आसपासच्या गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू झाले. प्रयोग जमल्यावर १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झाले. मुलगे ७ ते १२ आणि मुली ७ ते १० वर्षांच्या असताना त्यांना शाळेत पाठवणे बंधनकारक होते, न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असेच विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. शिकलेला माणूस वाचायला विसरू नये म्हणून अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना १९१० मध्ये आणून गावोगाव वाचनालये काढली गेली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरल्या. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी आली, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली.

हुकमाचा जोर कुठे संपतो तेही इथेच दिसले. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते दरबारच्या नोकरीत रुजू झाले, तर शहरात त्यांना राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेतून काढल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसले, आणि मग मुंबईला परतले. सयाजीरावांसारखा राजा गादीवर असतानाही शेजाऱ्याचे दार उघडले नाही. ते जिथे बसले त्या जागी आज संकल्पभूमी हे स्मारक आहे.

१९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहापुढे एकदाच मान लववून पाठ फिरवली, यावरून गहजब झाला आणि त्यांना खुलासा द्यावा लागला. तिकडे कुमासीत १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने सोन्याचे आसन मागितले, तेव्हा एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिने लढाई पुकारली होती. अशांतींचा राजा प्रेम्पे पहिला सेशेल्स बेटांवर कैदेत राहिला, १९२४ मध्ये परतला. आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाच्या सुमारासच तेव्हाच्या प्रतापसिंहराव महाराजांनी सयाजीरावांच्या नावाने विद्यापीठ उभे केले होते. पुढे त्यांना दूर करून १९५१ मध्ये त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना मान्यता मिळाली. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने राजांची मान्यता आणि तनखे दोन्ही रद्द झाले. घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेने मात्र परंपरागत राजांचे पद अबाधित ठेवले आणि त्यांना पक्षीय राजकारणात भाग घ्यायला मनाई केली. भारतात याच्या नेमके उलट घडले. पद गेले, पण निवडणुकीला उभे राहायला बंदी नव्हती, आणि फत्तेसिंहराव तर त्याआधीच, १९५७ मध्ये, बडोद्यातून लोकसभेवर निवडून गेले होते.

कायद्याच्या लेखी बडोद्याला आज राजा नाही. तरीही २२ जून २०१२ रोजी लक्ष्मीविलास राजवाड्यात घराण्यातल्या समरजितसिंहरावांचे राज्यारोहण विधिपूर्वक झाले. गणेश चतुर्थीला राजवाड्याच्या गणपतीची मिरवणूक निघते. विद्यापीठाचे कुलपतिपदही घराण्याकडे राहिले, आधी मृणालिनीदेवी पुआर आणि नंतर राजमाता शुभांगिनीराजे यांच्या रूपाने.

तुझा मामा