सेल्माचा पूल

अमेरिकेला जाणारे आपले लोक न्यूयॉर्क, वॉशिंग्टन पाहून परततात. अलाबामा राज्यातल्या सेल्मा या लहानशा गावाकडे फारसे कोणी वळत नाही. पण त्या देशाचा राज्यकारभार नागरिकांना कसा जुमानतो, हे समजून घ्यायचे असेल तर सेल्माचा पूल पाहिला पाहिजे.

अलाबामा नदीवरचा हा पोलादी कमानीचा पूल १९४० चा. त्याला नाव दिले आहे एडमंड पेटस यांचे. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतला हा सेनानी. कमानीवर ते नाव आजही आहे.

कृष्णवर्णीयांना मताचा हक्क १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मिळाला, पण कागदावर. १९६५ च्या सुरुवातीला सेल्माच्या परिसरात निम्मी वस्ती त्यांची, तरी त्यांच्या शंभर प्रौढांपैकी जेमतेम दोन-तीन जणांची नावे मतदारयादीत होती. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडायची. वर परीक्षा. शाळेत शिकवणारे शिक्षकही तिच्यात नापास ठरवले जात!

७ मार्च १९६५ रोजी ब्राऊन चॅपल या चर्चमधून सुमारे सहाशे लोक राजधानी माँटगोमेरीकडे पायी निघाले. पूल मध्यभागी उंच आहे. चढताना पलीकडचे दिसत नाही. माथ्यावर आल्यावर त्यांना समोर पोलिसांची भिंत दिसली. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. २५ वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. ते दृश्य त्याच रात्री देशाने दूरदर्शनवर पाहिले.

पुढे काय झाले? एकत्र जमून सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेला आहे. मोर्चेकरी त्याच आधारावर न्यायालयात गेले. संघराज्याचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी राज्य सरकारचा विरोध मोडून मोर्चाला परवानगी दिली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे, स्वतः उभे राहून कायदा मागितला आणि मोर्चाच्या रक्षणाला सैनिक दिले. २१ मार्चला निघालेला मोर्चा ८७ किलोमीटर चालून २५ मार्चला माँटगोमेरीत पोचला, तेव्हा सुमारे २५ हजार लोक जमले होते. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

न्यायालय, अध्यक्ष आणि काँग्रेस या तीन सत्ता तिथे वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या एवढ्यासाठीच. एका दारात न्याय मिळाला नाही तर दुसरे दार ठोठावता यावे. मात्र दार ठोठावायला माणसे लागतात. पंचाण्णव वर्षे घटनेत लिहिलेला हक्क सेल्माच्या लोकांनी पायी चालून वसूल केला.

मिळालेले राखावेही लागते. भेदभावाचा इतिहास असलेल्या भागांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी लागत असे. ही अट ज्या तरतुदीवर उभी होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केली. दावा अलाबामातल्याच एका कौंटीचा होता.

जॉन लुईस १९८७ पासून २०२० पर्यंत काँग्रेसचे सदस्य राहिले. त्यांची शेवटची यात्रा याच पुलावरून गेली. दरवर्षी मार्चमध्ये लोक मुलाबाळांसह हा पूल पुन्हा चालून जातात. मतदारयादीत आपले नाव आहे का, हे ज्याने कधी पाहिलेले नाही, त्याने हा पूल एकदा आठवावा.