संवत्सरीनंतरची पेटी



संवत्सरी झाली, पारणी झाली. आता आठवड्याभरात आमच्याकडे सफरचंदांची पेटी येईल. पर्युषणात आपला लिलोत्रीचा त्याग, आणि नेमका त्याच दिवसांत बाजार हिमाचलच्या सफरचंदांनी भरलेला. लहानपणी मला हा मोठा अन्याय वाटायचा. आता वाटतं, बरंच आहे. हंगामाच्या सुरुवातीचा घाईने उतरवलेला कच्चा माल आपोआप टळतो.

माझे सासरे पुण्याच्या मार्केट यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी होते. लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी पेटी उघडली, एक फळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुम्ही बी. कॉम. झालात ना? सांगा, हे कुठलं?" मी म्हटलं, "लाल." सगळे हसले. पण सासऱ्यांनी त्या दिवशी जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

लाल रंग बघायचाच नाही, हा पहिला धडा. काही जातींचं फळ पिकण्याच्या कितीतरी आधी लालभडक होतं. देठाच्या खळग्यात लालीखालचा मूळ रंग डोकावतो, तो बघायचा. हिरवट असेल तर फळ अजून कच्चं. गवती पिवळसर असेल तर नीट तयार. गडद पिवळं आणि हाताला तेलकट लागलं, तर दोन दिवसांत संपवायचं. मग फळ उलटं करायचं. खाली पाच उंचवटे आणि लांबट बांधा, म्हणजे डिलिशियसच्या घराण्यातलं, ज्याला बाजारात रॉयल म्हणतात. अमेरिकेतून आलेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास शिमल्याजवळच्या कोटगढ-ठाणेदार भागात डिलिशियसची झाडं लावली, आणि पुढे सगळ्या हिमाचलाचं पोट त्यावर चाललं. (हेच स्टोक्स पुढे सत्यानंद झाले.) पिवळ्या सालीवर बारीक तपकिरी ठिपके असतील तर गोल्डन. चवीला छान, पण साल पातळ, त्यामुळे लवकर सुरकुततं. लाल सालीवर ठळक पांढरे ठिपके आणि चव आंबट, तर ते काश्मीरचं महाराजी. हे कच्चं कोणी खात नाही, पण बडीशेप आणि गूळ घालून त्याची लौंजी करा, कैरी विसराल. परदेशी फळावर चार आकड्यांचं स्टिकर असतं. ४०१७ म्हणजे मोठं हिरवं ग्रॅनी स्मिथ, ४१३१ म्हणजे मोठं फुजी. आकडे मला नावांपेक्षा लवकर पाठ होतात, काय करणार!

सासरे गेले, तशी पेटीची खरेदी माझ्याकडे आली. आणि खरं सांगते, मी आळशी झाले. जवळच्या दुकानातून चकचकीत, एकसारखी, लाल फळं उचलायची आणि मोकळं व्हायचं.

आमच्या सासूबाईंचा सचित्ताचा त्याग होता. फळ चिरून, बिया काढून, ४८ मिनिटं झाल्यावरच त्या खायच्या. चौविहार असल्याने सूर्यास्ताच्या आत सगळं आटोपायचं. म्हणजे आसोजात मी पाचच्या सुमारास सफरचंद चिरायची आणि पावणेसहाला त्यांच्यापुढे ताटली ठेवायची. शेवटच्या दोन वर्षांत संध्याकाळचं त्यांचं खाणं एवढंच उरलं होतं, चार पातळ फोडी. त्याही सालीसकट. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी दात स्वतःचे होते आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

चिरलेलं सफरचंद हवेने काळं पडतंच, त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. पण माझ्या त्या चकचकीत फळांच्या फोडी पाऊण तासात पिठूळ होऊन बसायच्या. एक दिवस त्यांनी अर्धी फोड खाल्ली, ताटली सरकवली आणि म्हणाल्या, "याला वासच नाही गं." वर्षभर शीतगृहात राहिलेलं फळ असावं. शीतगृहात प्राणवायू कमी करून फळ झोपवून ठेवतात, त्यामुळे ते टिकतं. बाहेर आलं की मात्र त्याचं वय भराभर वाढतं.

त्याच आठवड्यात मी रिकामं खोकं रद्दीत टाकायला घेतलं, आणि बाजूला बारीक अक्षरात छापलेलं दिसलं : शेलॅक वॅक्स लावलेले.

शेलॅक म्हणजे लाख. लाखेचे किडे झाडाच्या फांदीवर जे तयार करतात, ते खरवडून काढलेलं. मी मुलाला विचारलं, मग स्वतः नियम वाचले. ताज्या फळांवर तीन प्रकारचं मेण लावायला आपल्या देशात परवानगी आहे : मधमाश्यांचं, लाखेचं आणि कार्नोबा. यातलं कार्नोबा तेवढं ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांचं. कुठलं मेण लावलंय ते छापायला हवं, पण सुटं फळ घेताना खोकं बघतो कोण? ज्या बाईने साठ वर्षं मधाला हात लावला नाही, तिला मी रोज संध्याकाळी सालीसकट हे देत होते.

दोन दिवस मी गप्प राहिले. सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं, आणि त्या वयात मनाला लावून घेतील ही भीतीही होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रतिक्रमणाआधी त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ माळ तशीच हातात होती. मग म्हणाल्या, "अजाणता झालं. दोघी मिळून मिच्छामि दुक्कडम् म्हणू. आणि उद्यापासून साल काढ." थोड्या वेळाने, जरा नाराजीने, "सालीशिवाय काय चव लागणार म्हणा."

तेवढ्यासाठी मी पुन्हा मार्केट यार्डात जाऊ लागले. तिथे बागेतून थेट आलेल्या पेटीतलं फळ कसं दिसतं ते आठवलं. मळकट, निस्तेज, वर धुरकट थर. तो थर फळाचा स्वतःचा. फडक्याने पुसलं की मंद चमक येते, आरशासारखी नव्हे. शंका आलीच तर सुरीच्या पाठीने हलकं खरवडा. पांढरा चुरा निघाला तर वरून मेण लावलेलं आहे. कुठलं मेण, ते यावरून कळत नाही. म्हणून अशा वेळी साल काढायची, वाद नको.

दसऱ्यानंतर एका गाळ्यावर मला अंबरी दिसलं. हे काश्मीरचं स्वतःचं जुनं सफरचंद. डिलिशियसच्या बागा वाढल्या तशी याची लागवड कमी होत गेली. दिसायला रॉयलइतकं रुबाबदार नाही, लालीच्या रेघा ओढल्यासारख्या. पण वास! रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "ताई, काय आणलंय?" त्या संध्याकाळी मी नीट पुसून सालीसकट फोडी केल्या. पाऊण तासाने थोड्या तपकिरी झाल्या होत्या, पण दाताखाली कुर्र्कन वाजल्या. सासूबाईंनी चारही संपवल्या आणि ताटलीचा वास घेतला.

आता साठवणीचं सांगते, कारण त्याच वर्षी मी चूकही केली. दुसरी पेटी केळ्यांच्या घडाशेजारी उघडीच ठेवली. सफरचंदातून एक वायू सुटतो, त्याने शेजारची फळं पिकतात आणि पेटीतलं एक सडलं की बाकीची मागोमाग जातात. अकरा फळं टाकावी लागली. पैशांचा हिशोब सोडा, सडलेल्या फळात किती जीव पडले असतील याचा विचार करून मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून पेटी आली की पहिल्यांदा निवड. मार लागलेली, देठ तुटलेली फळं वेगळी, ती या आठवड्यात. गोल्डन त्यानंतर, मग रॉयल. ऑक्टोबरात येणारी किन्नौरची टणक फळं आणि अंबरी सगळ्यांत शेवटी. ठेवताना धुवायचं नाही. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात, एकमेकांना दाबणार नाहीत अशी. त्या खणात कोथिंबीर, काकडी नको, पिवळी पडतात. दर रविवारी सगळी उलगडून बघायची. बटाट्याच्या टोपलीत सफरचंद ठेवावं की नाही यावर लोक वाद घालतात. आपल्या घरात तो प्रश्नच नाही! चिकू कच्चे निघाले तर मात्र एक सफरचंद त्यांच्यात मुद्दाम ठेवा. आणि एखादं पिठूळ निघालंच, तर जिरं-हिरवी मिरची घालून त्याची भाजी करा, पोळीबरोबर मस्त लागते.

सासूबाई पौषात गेल्या. खणात कागदात गुंडाळलेली तीन अंबरी उरली होती, अजून टणक होती. एक आम्ही दोघांनी खाल्लं, पाच वाजता चिरून, पाऊण तास थांबून. दोन कामवाल्या बाईंच्या मुलींना दिली.

काल गाळ्यावर फोन केला होता. रॉयलची पेटी गुरुवारी मिळेल म्हणाले, अंबरीसाठी दसऱ्याला विचारा. खालचा खण पुसून ठेवलाय.