सुखनाच्या माथ्यावरच्या शेळ्या

चंदीगडचा सुखना तलाव वाचावा म्हणून शिवालिकच्या टेकड्यांवरच्या शेळ्यांना जावे लागले. तलाव वाचवणाऱ्यांचा देशभर गौरव झाला आणि तो त्यांच्या हक्काचाच होता. गेलेल्या शेळ्यांसाठी मात्र फारसे कोणी हळहळले नाही. हे चार शब्द त्यांच्यासाठी.

सुखना १९५८ साली बांधला गेला. डोंगरातून येणारा एक ‘चो’, म्हणजे पावसाळ्यापुरता धावणारा ओढा, अडवून नव्या राजधानीला हे पाणी मिळाले. पंधरा-सोळा वर्षांतच त्याची निम्म्याहून अधिक साठवण गाळाने भरली. गाळ येतो कुठून याचा शोध घेताना मृदसंधारण संस्थेचे पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी वरच्या अंगाला असलेल्या सुखोमाजरी या गुज्जरांच्या लहानशा गावापर्यंत पोहोचले. आज हे गाव पंचकुला जिल्ह्यात आहे. टेकड्या उघड्याबोडक्या होत्या. झाडे तुटली होती, उरलेला पाला आणि गवत जनावरे खात होती आणि पहिल्या वळवाला माती खाली येत होती. शिवालिकची मातीच अशी की रेती, चिकणमाती आणि गोटे नुसते एकमेकांना टेकून बसल्यासारखे असतात.

मिश्रांचे मोठेपण असे की त्यांनी गावाला दम दिला नाही. आधी गावासाठी एक छोटा मातीचा बंधारा बांधला, पावसाचे पाणी साठवले आणि त्या पाण्यावर गहू पिकतो हे दाखवले. मग गावानेच ठरवले की बंधारा गाळाने भरू द्यायचा नसेल तर डोंगरावर जनावरे सोडायची नाहीत. कुंपण घातले नाही, चौकीदार नेमला नाही. पाण्यात प्रत्येक घराला सारखा वाटा मिळाला. डोंगर हिरवा झाला, भाब्बर गवत कमरेइतके वाढले, ते कापून आणायचा हक्क गावाला मिळाला. दहा-बारा वर्षांत शेळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या आणि दावणीला म्हशी आल्या.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे याच वाटेने सावरली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे शब्द आपल्या ग्रामसभांनी पाठ केले आहेत. चराईबंदीचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ज्या डोंगरावर माती थांबत नाही तिथे मोकळी चराई थांबलीच पाहिजे. पण चराई थांबणे आणि शेळी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आपण त्या एक करून टाकल्या.

शेळी घरात काय होती, हे म्हशीच्या हिशेबात दिसत नाही. शेळी बहुधा घरातल्या बाईची असे. तिचे दूध चहाला, पोराला, म्हाताऱ्याला. करडू विकले की शाळेची वही, औषध, लग्नाचा आहेर. म्हैस आली की पैसा मोठा होतो आणि तो पुरुषाच्या हातात जातो. सुखोमाजरीत जवळजवळ प्रत्येक घराकडे थोडीफार जमीन होती, म्हणून तिथे हा बदल पेलला. ज्याच्याकडे वीतभर रान नाही त्याला म्हैस परवडत नाही. तो शेळी विकतो आणि मजुरीला जातो. १९१९ साली आजारी गांधीजींना गाई-म्हशीचे दूध न घेण्याच्या व्रतातून वाट काढून देताना कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचे नाव घेतले. पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात तेच दूध त्यांच्या रोजच्या आहारात राहिले. खेड्यातल्या बाईला त्या दुधाचा गुण आधीपासून ठाऊक होता.

शेळीवरचा आरोप जुना आहे. पंजाबात टेकड्यांची धूप रोखण्यासाठी १९०० साली भू-संरक्षणाचा कायदा आला. त्यात गुरे आणि मेंढ्यांबरोबर शेळ्यांच्या चराईवरही बंदी घालण्याची तरतूद होती. हा कायदा आजही लागू आहे आणि मोहाली जिल्ह्यातल्या टेकड्याही त्याच्या कक्षेत येतात. त्या टेकड्यांवर आज फार्महाउसे उभी आहेत. कांसल हे सुखनाच्या पाणलोटातले गाव मोहाली जिल्ह्यातलेच. खाली सपाटीवर मटौर, कुंभडा, सोहाना ही गावे मोहाली शहराच्या सेक्टरांच्या मधोमध अडकली. गावाची शामलात, म्हणजे सामाईक रान, आटत गेली आणि चराईही संपली. इथे शेळीने कोणता डोंगर उजाड केला होता? तिच्या पायाखालची जमीनच प्लॉट झाली.

आणि तरीही ती राहू शकली असती. पंजाबची स्वतःची शेळी बीटल. उंच, लांब कानांची, भरपूर दूध देणारी, तिला खाणेही भरपूर लागते. पण उत्तर प्रदेशात आग्रा, मथुरा, अलीगढ, एटा भागातल्या गल्ल्यांत बरबरी नावाची बुटकी जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, हरणासारखे ताठ कान, मादीचे वजन जेमतेम २२-२३ किलो. तिला रान लागत नाही. अंगणाचा कोपरा, जमिनीपासून उचललेला फळ्यांचा माचा, दोन-तीन किलो हिरवा चारा, थोडे भुस्कट आणि मूठभर खुराक एवढ्यावर ती दिवसाला पाऊण-एक लिटर दूध देते. १२ ते १५ महिन्यांत दोनदा विते आणि बहुतेक वेळा जुळी देते. मथुरेजवळ मखदूमला १९७९ साली केंद्रीय शेळी संशोधन संस्था उभी राहिली, तिथे या जातीवर सतत काम झाले आहे.

पाच-सहा शेळ्यांचा असा कळप सांभाळणे हे कसबाचे काम आहे. करडू पडताच तासाभरात त्याला चीक पाजायचा. बोकड दुधाच्या शेळ्यांपासून लांब बांधायचा, नाहीतर दुधाला त्याचा वास लागतो. दोन वर्षांनी तो बदलायचा, नाहीतर लेकी बापाकडूनच गाभण राहतात आणि कळप खालावत जातो. हिवाळ्यात पंजाबात बरसीम मुबलक. पण दहिवरात भिजलेला बरसीम पोटभर घातला की पोट फुगून शेळी दगावते, म्हणून आधी भुस्कट द्यायचे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायची, जंताचे औषध पाजायचे. महाराष्ट्रात उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्यांचे बंदिस्त पालन कित्येक शेतकरी करतात. सुखनाच्या वरच्या गावांना डोंगराच्या बदल्यात पाणी मिळाले, गवत मिळाले. त्याच कापलेल्या गवतावर चार बुटक्या शेळ्या दावणीला उभ्या करता आल्या असत्या.

दर वर्षी पावसाळा सरला की मोहालीत डेंग्यूची साथ येते. रक्तातल्या प्लेटलेट पेशी वाढतात या समजुतीने लोक शेळीचे दूध शोधत फिरतात आणि त्याचा भाव लिटरला शेकड्यांत जातो. या दुधाने पेशी वाढतात असा पुरावा नाही. पण आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या घराला अडचणीत शेळीच आठवते, हे मला फार लागते. तिच्यासाठी जागा ठेवायला आपण विसरलो.

ज्या ज्या गावाची ग्रामसभा यापुढे चराईबंदीचा ठराव करेल, तिला माझी हात जोडून विनंती आहे: त्याच ठरावात भूमिहीन घरांच्या आणि एकट्या बायांच्या शेळ्यांसाठी कापलेल्या गवताचा वाटा, गोठ्याची जागा आणि गावाचा एक चांगला बोकड लिहून ठेवा. शेळ्या विकल्या जाण्याच्या आधी लिहा.