पडदा ओढणारा माणूस

परवाच्या रविवारी मुलाला घेऊन परळला गेलो. पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहत, हे त्याला पाठ आहे. दामोदर हॉल मात्र ठाऊक नव्हता. ९ मार्च १९२४ रोजी याच हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली.

सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह १९२२ सालचे. सहकारी मनोरंजन मंडळ इथलेच. गिरणी कामगारांनी इथे नाटके केली, तीही पोटाची पाळी सांभाळून! माझे वडील साचाखात्यात होते. पाळी सुटली की घरी न येता तालमीला जात. रात्रपाळीवाल्याचा प्रवेश आधी उरकायचा, हा तिथला नियम, असे ते सांगत. स्वतः ते स्टेजवर कधीच आले नाहीत, पडदा ओढत. पण घरी पाहुणा आला की सांगायचे, "मी नाटकात असतो." आई तोंडाला पदर लावून हसायची.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे पांगली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी नाट्यगृहही बंद झाले. कलावंतांनी विरोध केला.

मुलाने विचारले, "आजोबा कुठल्या बाजूने पडदा ओढायचे?"

मला सांगता आले नाही.