वडिलार्जित मोटार आणि तिचीं सगोत्रें

वडिलार्जित वस्तूंचे दोन प्रकार असतात. देव्हाऱ्यांतील टाक किंवा आजीची पैठणी जशीच्या तशी ठेवली म्हणजे आपलें कर्तव्य झालें. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या वापरांत राहिल्या तरच त्यांचा मान राहतो, आणि वापरावयाच्या म्हटलें म्हणजे त्यांत थोडाफार फेरफार करणें भाग पडतें. आमच्या घरची मॉरिस मायनर ही दुसऱ्या प्रकारांतली. १९५५ सालची ही गाडी आमच्या वडिलांनीं १९६२ सालीं मुंबईस जुनी म्हणून विकत घेतली व पुण्यास आणली. तिचें इंजिन अवघें ८०३ सी.सी.चें, कितीहि ताणली तरी ताशीं शंभर किलोमीटरच्या आसपास तिची धांव संपते.

गेल्या वर्षीं चिरंजीवांनीं घरांत विषय काढला कीं, गाडीचे ब्रेक आतां सुधारले पाहिजेत. त्यांचें म्हणणें असें कीं, गाडी बदलली नसली तरी रस्ता बदलला आहे. वडिलांच्या काळीं पुढें चालणारी गाडीहि बहुधा ड्रम-ब्रेकचीच असे, व दोघींना थांबावयास जवळजवळ सारखेंच अंतर लागे. आज पुढची गाडी डिस्क-ब्रेकच्या व ए.बी.एस.च्या जोरावर पाहतां पाहतां थांबते. मागून येणाऱ्या मायनरनें तेवढें अंतर कोठून आणावें? शिवाय सूनबाई नातीला घेऊन याच गाडींतून खंबाटकीचा घाट ओलांडून वाईस माहेरीं जातात. यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तरीहि वडिलांनीं इतकीं वर्षें जपलेल्या गाडीला परका भाग लावावयाचा, ही कल्पना आमच्या मनास रुचेना. तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "अरे, त्यांनीं गाडी जपली ती माणसांना सुखरूप नेण्यासाठींच ना? मग माणसांहून का गाडी मोठी?" वाद तेथेंच मिटला.

परंतु कोणाचा भाग लावावयाचा, हा प्रश्न उरलाच. आपल्याकडे सोयरीक जमवितांना सगोत्र वर्ज्य मानण्याची चाल आहे. मोटारींच्या जगांत न्याय नेमका उलटा. तेथें गोत्र जुळलें तरच जमतें. सुदैवानें मायनरचें गोत्र मोठें आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली ही मोटार १९४८ सालीं बाहेर पडली व १९७१ पर्यंत निघत राहिली. दहा लाखांचा आंकडा गांठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. इतक्या मोठ्या कुळांत धाकटीं भावंडें व चुलत भावंडें असावयाचींच.

पहिलें भावंड म्हणजे खुद्द मायनरच, पण १९६२ नंतरची, १०९८ सी.सी.ची. तिच्या पुढच्या चाकांना आमच्या गाडीच्या सात इंचांऐवजीं आठ इंचांचे ड्रम आहेत. दुसरीं दोन चुलत भावंडें म्हणजे १९५७ सालीं निघालेल्या वूल्झली १५०० आणि रायली वन-पॉइंट-फाइव्ह. मायनरच्याच पायावर त्या उभ्या केलेल्या. मात्र इंजिन १४८९ सी.सी.चें, म्हणून पुढील ड्रमहि नऊ इंचांचे. तिसरी १९७१ सालची मॉरिस मरीना. हिनें मायनरच्या पुढील सस्पेन्शनचीच धाटणी उचलली, आणि पुढें डिस्क-ब्रेक घेतले. इंग्लंडांतील हौशी लोक हे तिन्ही प्रकार मायनरला लावीत आले आहेत.

चिरंजीवांची ओढ अर्थातच डिस्ककडे होती. डिस्क उघड्या वाऱ्यांत फिरते, म्हणून लवकर निवते, व तापली तरी ड्रमप्रमाणें ब्रेकचा जोर हरपत नाहीं. घाटांत हा गुण अमोल. परंतु आमच्या मिस्त्रींनीं दोन अडचणी दाखविल्या. मायनरच्या पुढच्या ड्रममधील दोन्ही शू चाकाच्या फिरण्यानेंच आंतून ड्रमवर अधिक आवळले जातात, म्हणून पायाला थोडा जोर पुरतो. डिस्कला ही फुकटची मदत नाहीं. सगळा जोर पायानें किंवा सर्व्होनें द्यावा लागतो. दुसरें असें कीं, मायनरचा मास्टर सिलिंडर पायाखालीं, फरशीच्या खालीं बसविलेला. त्यांतील झडप ड्रमच्या सोयीनें नळ्यांत थोडा दाब राखून ठेवते. तो दाब डिस्कला तसाच राहिला तर पॅड घासत राहतील, व झडप नुसती काढली तर ऑइल उंचावरून मागें ओघळेल. म्हणजे एका ब्रेकपायीं अर्धी गाडी उलगडावी लागणार.

अखेर आम्ही आठ इंचांवर थांबलों. तेवढ्याच घर्षणाला आठ इंचांचा ड्रम सातापेक्षां सुमारें सातव्या हिश्श्यानें अधिक पकड देतो, आणि उष्णता पिण्यास लोखंडहि अधिक मिळतें. एवढ्याशा लाभानें काय होणार, असें वाचकांस वाटेल. पण वेग ताशीं ४० वरून ६० झाला कीं, ब्रेकला गिळावी लागणारी शक्ति सव्वादोन पट होते. अशा हिशेबांत थोडें बळहि थोडें नसतें. शिवाय गाडीला एकहि नवें भोंक न पाडतां हे ड्रम पाठच्या पत्र्यासह बसतात, हा आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठा गुण.

तरी मिस्त्रींनीं आधीं जुनें काम नीट केल्याशिवाय नव्याला हात लावूं दिला नाहीं. रबरी नळ्या, व्हील सिलिंडर व सर्व ब्रेक-ऑइल बदललें. हें ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. ओललेलें ऑइल घाटांत उकळतें, त्यांत वाफ होते आणि पेडल तळाशीं जातें. पुष्कळ जुन्या गाड्यांचा "अशक्त ब्रेक" म्हणजे केवळ हीच हयगय असते. नंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर हळूहळू वेग वाढवीत परीक्षा झाली: गाडी एका बाजूस ओढते कीं काय, मागचीं चाकें आधीं अडकतात कीं काय. मागचीं आधीं अडकलीं तर गाडी भोंवरा घेते. म्हणून पुढचें बळ वाढवितांना मागचे ब्रेक मूळचेच ठेवले. असा बदल करणाऱ्यांनीं परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस आधीं विचारावें, हेंहि सांगून ठेवतों.

आतां ब्रेक पूर्वीपेक्षां खात्रीचे वाटतात. पण ती आजची गाडी झाली नाहीं. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर राखणें व ज्या गियरनें घाट चढावा त्याच गियरनें उतरणें, हे दोन नियम सूनबाईंनीं कायम ठेवले आहेत. काढलेले सात इंचांचे ड्रम ग्रीस लावून, कापडांत गुंडाळून, वडिलांच्या ट्रंकेंत ठेवले आहेत, व वर चिठ्ठी आहे: "मूळचे, टाकूं नयेत." नातीला पुढें वाटलें तर तिनें ते परत चढवावेत. तो अधिकार आम्हीं तिच्यासाठीं राखून ठेवला आहे.