वरच्या डेकची पहिली सीट

अंधेरी पूर्वेला ट्रेनमधून उतरून सीप्झकडे पळणाऱ्या पब्लिकपैकी तुम्ही असाल, तर ४१५ नंबर वेगळा सांगायला नको. आगरकर चौक ते सीप्झ. १५ सप्टेंबर २०२३ ला याच रूटवर बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर धावली. फुलं, फुगे, मोबाइल उंचावलेली गर्दी, सगळं साग्रसंगीत झालं. पुढच्याच महिन्यात, ५ ऑक्टोबरला, पर्यटकांची लाडकी ओपन डेकही गेली.

मुंबईत डबलडेकर आली १९३७ मध्ये, तेव्हा ट्रामचे दिवस होते. ट्राम १९६४ साली थांबली, ही मात्र चालत राहिली. एके काळी ताफ्यात अशा सुमारे ९०० गाड्या होत्या. लॉजिक अगदी मुंबईचं: जागा नाही ना, मग वर मजला चढवा! रस्ता एकाच बसचा अडायचा आणि पब्लिक जवळपास दुप्पट जायचं.

माझी पहिली इंटर्नशिप मरोळला होती. पगार शून्य, पण सकाळी वरच्या डेकची पुढची सीट मिळाली की दिवस वसूल. समोरच्या उघड्या खिडकीतून वारा थेट तोंडावर. पहिल्या मजल्यावरची वाळत घातलेली चादर हाताला लागेल की काय असं वाटायचं. झाडाची फांदी आली की सगळी पहिली रांग एकदम मागे! मला जास्त मजा वाटायची ती कंडक्टरांची. एक खाली, एक वर. ड्रायव्हरला वरचं काही दिसत नाही, त्यामुळे सगळा कारभार घंटीवर. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. वरचा कंडक्टर जिन्यावरचा शेवटचा माणूस उतरल्याची खात्री करायचा, मग खालचा डबल द्यायचा. ना इंटरकॉम, ना कॅमेरा.

नेमकी हीच जोडी महाग पडली. एका गाडीला दोन कंडक्टर, वर मेंटेनन्सचा खर्च, त्यामुळे ताफा आटत गेला. शेवटच्या गाड्यांची १५ वर्षांची मुदत संपली आणि नियमाप्रमाणे त्या रस्त्यावरून उतरल्या. नियमावर माझा राग नाही. जुनं डिझेल इंजिन रोजच्या ट्रॅफिकमध्ये ठेवा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही.

पण एखादी तरी जपायची, तर कशी? बसप्रेमींनी म्युझियमची मागणी केली. बेस्टचं म्युझियम आणिक डेपोत आहे, चक्क तिसऱ्या मजल्यावर. जुनी तिकिटं, तिकीटयंत्रं, ट्राम-बसच्या छोट्या प्रतिकृती, एक दुपार मस्त जाते. अख्खी डबलडेकर काही तिथे चढणार नाही. ती खाली आवारातच उभी राहू शकते. आणि उभी राहिलेली बस म्हणजे, सॉरी टू से, पत्र्याची दुमजली खोली. टायर बसतात, रबर सुकतं, गंज चढतो. त्याहून वाईट म्हणजे घंटीची ती भाषा येणारी माणसं रिटायर होऊन जातात.

लंडनने रूटमास्टर २००५ मध्ये रोजच्या सेवेतून काढली, पण ९ आणि १५ या दोन रूट्सच्या छोट्या टप्प्यांवर थोड्या गाड्या मुद्दाम चालू ठेवल्या, कंडक्टरसकट. १५ नंबरची ही सेवा २०२१ मध्ये अधिकृतपणे बंद झाली, म्हणजे तेही कायमचं नव्हतंच. तरी तोवर एका नव्या पिढीने ती बस तिकीट काढून अनुभवली. आपल्याकडे रविवारी सकाळी, रिकाम्या फोर्टमध्ये, एकच गाडी आणि दोन कंडक्टर, एवढं जमवायला काय हरकत आहे?

इलेक्ट्रिक डबलडेकर २१ फेब्रुवारी २०२३ पासून सीएसएमटी ते एनसीपीए मार्गावर धावू लागली. एसी, दोन दरवाजे, दोन जिने, बेस्टच लाल रंग. गाडी छान आहे, मी दोनदा गेले. वरची पुढची सीट इथेही आधी भरते. फक्त काच बंद असते.