सिंहगडाकडे तोंड करून

1973 मध्ये सिंहगडावर दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र आलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. पुढच्या दहा-बारा वर्षांत पेठांतल्या वाड्यांवर, सोसायट्यांच्या गच्च्यांवर अँटेनाच अँटेना झाल्या. सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, गडाकडे. ढगांमुळे गड दिसत नसला तरी तो कुठे आहे हे कोणत्याही गच्चीवरून सांगता यायचं.

अँटेना फिरवायला अख्खं घर लागायचं. दादा किंवा काका वर पाइप धरून, आमच्यातलं कुणीतरी जिन्यात आणि बाकीचे टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... अरे गेलं! मगाशी होतं तिथेच आण!" हा निरोप जिन्यातून वर जाईपर्यंत पाइप आणखी वीतभर फिरलेला असायचा. आजीचं म्हणणं एकच, "आवाज छान येतोय, आता हात लावू नका." आवाज यायचा खरा लवकर. चित्र मात्र रुसायचं. मुंग्या गेल्या की सावल्या यायच्या.

त्या सावल्यांनीच आम्हाला अँटेना शिकवली. आडव्या दांडीवर मागची नळी सगळ्यांत लांब, पुढच्या आखूड. आखूड बाजू गडाकडे करायची, एवढं दुकानदार सांगायचा. पण लहरी गडावरून थेट येतात, तशाच टेकडीवर, उंच इमारतीवर आपटूनही येतात, आणि त्या क्षणभर उशिरा पोचतात. मग पडद्यावर बातम्या देणाऱ्या प्रदीप भिडेंना आपल्या उजवीकडून चिकटून आणखी एक फिकट प्रदीप भिडे दिसायचे. अशा वेळी अँटेना गडापासून जराशी वळवायची. थेट लहर थोडी कमी मिळते, पण आपटून आलेली त्याहून जास्त टळते आणि चित्र एकदम स्वच्छ होतं. हे पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या काकांच्या मनगटाला कळलं होतं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पावसाळ्यात वाऱ्यानं पाइप फिरे, कावळे बसून नळ्या वाकवत, खिडकीतून आत घेतलेली चपटी वायर चिमटून तुटे. 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' सुरू झालं, तेव्हापासून रविवारी सकाळी या गच्चीवरून त्या गच्चीवर विचारणा सुरू: "तुमच्याकडे कसं दिसतंय?"

या सगळ्यात मला मोठा वाटतो तो वरचा माणूस. स्वतःला न दिसणारं चित्र तो खालच्यांच्या शब्दावर जुळवायचा. क्लॅम्प आवळून, हाताचा गंज पुसत तो खाली येईपर्यंत 'गजरा' कार्यक्रम निम्मा झालेला असायचा. मग सगळ्यांनी सरकून त्याला मधोमध जागा द्यायची आणि आतापर्यंत काय काय झालं ते तिघाचौघांनी एकदमच सांगायला लागायचं.